सर्वांना पेलेल असा सण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात नवीन पनवेल येथे केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी 'सणसमारंभातील काटकसर' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. काटकसरीचा उपदेश कोणालाच गोड लागत नाही, आणि सणाच्या बाबतीत तर नाहीच. वर्षातून एकदा भाऊबंद एका छपराखाली जमतात, त्या दिवशीही हात आखडावयाचा काय, असा प्रश्न आपणांपैकी पुष्कळांच्या मनात असेल. तो आमच्याही मनात अनेक वर्षे होता. तो कसा गेला, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

आपल्यातील बहुतेक कुटुंबे येथील मूळची नव्हेत. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस ही नवीन पनवेलची वसाहत वाढली. कोणी पेण-अलिबागकडून, कोणी महाड-माणगावकडून, तर कोणी मुंबईच्या चाळीतून येथे आले. गावच्या घराला ओटी होती, पडवी होती, परसात केळी आणि अळू होते. तांदूळ घरच्या भाताचा होता. सणाला चाळीस माणसे आली तरी यजमानाला फारसे विकत आणावे लागत नसे. येथे घर दोन खोल्यांचे आणि केळीचे पानसुद्धा विकतचे. माणसे मात्र तेवढीच, आणि हौस तर पूर्वीपेक्षा अधिक.

आमच्या घराण्याचा गणपती दीड दिवसाचा. गावचे घर बंद झाले तेव्हा आम्ही चौघां चुलतबंधूंनी पाळी लावून घेतली. दर चौथ्या वर्षी गणपती एकेकाच्या घरी यावा आणि चतुर्थीला सर्वांनी तेथे जमावे, असे ठरले. पहिली काही वर्षे आनंदात गेली. पुढे प्रत्येक पाळीला मागच्या पाळीवर थोडी वरकडी होऊ लागली. एकाने मूर्ती हातभर उंच आणली, दुसऱ्याने मखरावर दिव्यांच्या माळा सोडल्या. आमची पाळी आली तेव्हा आम्ही आचारी लावला, दोन पक्वान्ने केली आणि निघताना प्रत्येक बिऱ्हाडाच्या हाती चांदीची एकेक वाटी ठेवली. सर्वांनी वाहवा केली. आम्हांसही धन्यता वाटली.

पुढची पाळी धाकट्या बंधूंची. त्यांनी निरोप धाडला की, घर लहान आहे, यंदा आम्हांस वगळावे. आम्ही ते खरे मानले व दुसऱ्याने ती पाळी घेतली. त्या वर्षी ते आलेही नाहीत, रजा मिळाली नाही असे कळविले. त्याच्या पुढल्या वर्षीही आले नाहीत. मग एकदा धाकट्या वहिनींनी आमच्या मंडळींजवळ मन मोकळे केले. त्यांच्या मागच्या पाळीला हातांतल्या बांगड्या गहाण पडल्या होत्या आणि त्या सोडविण्यास चौदा महिने लागले होते. चांदीची वाटी घेऊन त्या घरी गेल्या त्या रात्री दोघांनी ठरविले की, हे आता आपल्याला झेपणार नाही. आणि जे परत करता येत नाही ते घेण्यासाठी जावयाचे तरी कसे?

बंधुभगिनींनो, ती वाटी आम्ही प्रेमाने दिली होती. परंतु तिने आमच्या भावाला आमच्या घराचा उंबरा बंद केला, ही गोष्ट आम्हांस नाकारता येत नाही.

येथे एक जुने प्रकरण आठवते. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि ते दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. रयत लग्नकार्यांत व सणवारांत पैसा उधळते म्हणून कर्जात बुडते, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. आयोगाने मात्र असा अभिप्राय दिला की, या कारणाला फाजील महत्त्व दिले जाते. असे प्रसंग क्वचित येतात, आणि कर्ज फुगते ते धान्य, बियाणे, बैल, सरकारी सारा यांपायी पुन्हा पुन्हा काढाव्या लागणाऱ्या लहान रकमांनी.

हा दाखला ऐकून कोणी म्हणेल, मग सण मोकळ्या हाताने करावयास हरकत कोणती? हरकत ही की, आज सणाचा खर्च त्या लहान रकमांच्याच रांगेत जाऊन बसला आहे. मखर, कपडे, मिठाई, भेटवस्तू हे सारे हप्त्याने मिळते. गणपती दीड दिवसात जातो आणि हप्ता पुढच्या आषाढापर्यंत दारात उभा राहतो.

मग धर्माने तरी हा खर्च सांगितला आहे काय? चतुर्थीची पूजा पार्थिव गणेशाची, म्हणजे मातीच्या मूर्तीची. तिला वाहावयाच्या दूर्वा आणि पत्री रानातल्या. कोकणात कित्येक घरी गौर तेरड्याच्या रोपांची असते, तर कित्येक घरी पाणवठ्यावरून आणलेल्या पाच-सात खड्यांची. ऋषिपंचमीची भाजी बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या, परसातल्या जिनसांची. पूर्वजांनी हा उत्सव असा बांधला की, ज्याच्या घरी काही नाही त्यालाही तो करता यावा. ती बांधणी आपण मोडली.

हे ध्यानी आल्यावर आम्ही चौघे बंधू व वहिनी एकत्र बसलो आणि एकच कसोटी ठरविली. चौघांत ज्याची मिळकत सर्वांत कमी, त्याच्या घरी जे निभेल तेच चौघांच्याही घरी व्हावे; ऐपत असली तरी त्याहून अधिक कोणी करू नये.

त्यातून निघालेल्या गोष्टी साध्या आहेत. मूर्ती शाडूची व वीतभर उंचीची. पेणला ती आषाढातच सांगून ठेवावयाची, म्हणजे आयत्या वेळची धावाधाव व घासाघीस टळते. मखर लाकडी, घडीचे, एकदाच करून घेतले. ते गणपतीबरोबर घरोघर फिरते. थर्माकोलच्या सजावटीवर 2018 साली राज्यात बंदी आली तेव्हा इतरांना पर्याय शोधावे लागले, आम्हांस लागले नाहीत. आरास जुन्या पैठणीची, दूर्वांची आणि तेरड्याची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात फुलांचे भाव काय होतात, हे आपण सर्व जाणताच.

शिधा वाटून घेतला. चाळीस माणसांना माणशी तीन म्हटले तरी एकशेवीस मोदक लागतात. त्यांस नऊ-दहा नारळ, सव्वा किलो गूळ आणि पावणेदोन-दोन किलो तांदळाची पिठी पुरते. नारळ-गूळ एका बिऱ्हाडाने आणावा, पिठी व भाताचे चार किलो तांदूळ दुसऱ्याने, दीड किलो तूरडाळ आणि भाज्या तिसऱ्याने. यजमानाकडे दूध, तूप, मीठमसाला आणि चूल. भाज्या भाद्रपदात मिळणाऱ्याच: भोपळा, काकडी, अळू. पक्वान्न एकच, पण ते पोटभर. पाहुण्याच्या पानातले कमी करून वाचविणे याला आम्ही काटकसर म्हणत नाही. आचारी बंद झाला, तेव्हा मोदक वळावयास सर्वच बसू लागले. पुरुषांचे मोदक उकडताना फुटतात, हा आमच्या घरी आता दरवर्षीचा विनोद झाला आहे.

भेटवस्तू पूर्ण बंद. आरतीच्या तबकात ज्याला जे टाकावयाचे ते त्याने टाकावे. कोणी किती टाकले हे पाहावयाचे नाही. ती रक्कम एका पेटीत पडते आणि पेटी मखराबरोबर पुढच्या यजमानाकडे जाते.

या रीतीने पहिली पाळी आम्ही धाकट्या बंधूंच्याच घरी केली. दोन खोल्यांत अडतीस माणसे तीन पंगतींनी जेवली. शेजाऱ्यांनी आपली खोली मुलांसाठी उघडून दिली. रात्री वहिनींनी हिशेब मांडला व पेटीला हात न लावता ती पुढे दिली. त्यांच्या हातांत बांगड्या होत्या.

आपल्या संस्थेला आमची एक विनंती आहे. पूर्वी गावोगावी देवस्थानाची भांडी असत; कार्य निघाले की नेत, घासून परत करीत. तद्वत् पन्नास पानांचा एक संच, म्हणजे पातेली, परात, मोदकपात्रे, ताटे-वाट्या, संस्थेने घ्यावा व सभासदांस नाममात्र आकारावर द्यावा. मात्र घरात लाखांची उलाढाल असलेल्या सभासदांनी तो प्रथम न्यावा. त्यांनी नेला, म्हणजे इतरांस तो नेण्याचा संकोच राहणार नाही.

यंदा आपल्या घरी सण असेल, तर यादी करण्यापूर्वी आपल्या कुळात गेली दोन-तीन वर्षे कोण आले नाही, ते आठवून पाहावे. रजा मिळाली नाही, प्रकृती बरी नव्हती, ही कारणे खरीही असतील. तरी एकदा त्यांच्या घरी जाऊन यावे, आणि यादी त्यानंतर करावी.