बोहारणीला देण्याआधी

वेशभूषाकार भानू अथैया म्हटलं की आपण थेट १९८३ च्या ऑस्करवर जातो. मला त्याच्या कितीतरी आधीचं बोलायचंय. कोल्हापूरच्या राजोपाध्यांची ही मुलगी मुंबईत जे. जे.मध्ये चित्रकला शिकली आणि फॅशनच्या नियतकालिकांत चित्रं काढू लागली. आधी ‘फॅशन अँड ब्यूटी’, मग ‘इव्हज वीकली’. पुढे त्याच ‘इव्हज वीकली’च्या संपादिकेनं बुटीक काढलं आणि भानूताईंना कपडेही करून बघायला सांगितलं. म्हणजे पेन्सिल आधी, कात्री नंतर. हे मी पुन्हा सांगणार आहे.

चित्र काढणारा माणूस कपड्याकडे नीट बघतो. ‘आम्रपाली’ चित्रपटासाठी त्या अजिंठ्याची चित्रं बघायला गेल्या. ‘गांधी’त तर बॅरिस्टरच्या सुटापासून पंच्यापर्यंतचा प्रवास, आणि भोवती प्रांताप्रांतांची माणसं. ते सगळं निरीक्षणातूनच आलं.

असंच आपल्या घरच्या कपड्यांकडेही बघायला हवं, म्हणून आता आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीचं. १६० चौरस फुटांच्या खोल्या सोडून माणसं टॉवरमध्ये चाललीत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या किल्ल्या मिळाल्या, संडास घरात आला, फार चांगलं झालं. पण आवराआवरीत आधी काय जातं? जुने कपडे! बोहारीण पातेलं देते आणि आजीचं लुगडं घेऊन जाते. तिचा दोष नाही. ते तिचं पोट आहे. पण बायांनो, आपण काय दिलं ते तरी टिपून ठेवाल की नाही?

लोणच्याच्या बरणीला आपण चिठ्ठी लावतो ना? कैरीचं की लिंबाचं, कुठल्या साली घातलं. चिठ्ठी पडली तरी वास घेऊन लोणचं ओळखता येतं. कपड्याला तो वासही उरत नाही, धुऊन गेलेला असतो. मग नातवानं कसं ओळखायचं? म्हणून चिठ्ठी हवी, आणि ती पक्क्या शाईची.

सगळे कपडे ठेवा असं मी म्हणत नाही. चित्र काढा. पेन्सिल आधी! गिरणीत जाताना घालायच्या बंडीचा आतला खिसा, १४ एप्रिलची, आंबेडकर जयंतीची पांढरी साडी, जांबोरी मैदानावरच्या गोविंदांचे टी-शर्ट. शेजारी लिहा : कुणाचं, कुठून घेतलं, कधी घालायचे. भानूताईंनी २०१२ साली आपला ऑस्करसुद्धा अकादमीकडे परत पाठवला, आपल्यामागे तो नीट जपला जावा म्हणून. आपल्या लुगड्याला कुठली अकादमी? आपणच.

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. एवढं मात्र ऐका : नऊवारीचं चित्र फक्त समोरून काढू नका. आजीला पाठमोरी उभी करा. कासोटा कसा खोचलाय, ते मागूनच कळतं.