तिसरा तुकडा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तुझ्या कामाबद्दल काहीतरी सांग," असा निरोप होता. पण संगणकाबद्दल ऐकायला तुम्ही एवढ्या लांबून आलेला नाहीत. म्हणून आमच्या होडीच्या इंजिनाबद्दल बोलते. कर्लीच्या खाडीतली आमची होडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. काही जण तिच्यातून शाळेलाही आले आहेत.

गेल्या मे महिन्यात मी होडी चालवत होते. सोबत बाबा आणि माझा मुलगा. आउटबोर्ड इंजिन चालू असलं की मागून पाण्याची एक धार पडते. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतंय, याची ती खूण. देवबागच्या संगमाजवळ ती धार बारीक झालेली मला दिसली होती. 'पोचू आता' म्हणून मी दुर्लक्ष केलं. थोड्याच वेळात भोंगा वाजला. इंजिन बंद केलं, नांगर टाकला. ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि मुलाने आजोबांचा हात घट्ट धरला होता. शेवटी एका मच्छीमार होडीने आम्हाला ओढत किनाऱ्याला आणलं.

ऐन हंगामात मेकॅनिक आठवडाभर मिळणार नव्हता. बाबांचे हात आजारपणापासून थरथरतात. उरले मी. अभियांत्रिकीची पदवी आहे, पण इंजिन कधी उघडलेलं नाही!

अंगणात बाबा खुर्चीवर, मी जमिनीवर. प्लगच्या टोप्या काढल्या, गिअरची दांडी सोडवली, बोल्ट काढून खालचा भाग उतरवला. पंपातल्या रबरी चक्राच्या सहा पाकळ्यांपैकी तीन तुटल्या होत्या. आपल्या खाडीतली वाळू रबर झिजवते. नवं चक्र ग्रीस लावून, शाफ्ट फिरतो त्याच दिशेने फिरवत बसवलं. पिंपात गोडं पाणी भरून इंजिन सुरू केलं. धार तशीच बारीक!

मी नव्या चक्रालाच नावं ठेवू लागले. बाबा म्हणाले, "चेडवा, मोडलेले तुकडे मोज आधी." मोजले, तर दोनच. तिसरा वर पाण्याच्या नळीत अडकला होता. वाकवलेल्या तारेने तो काढला, आणि धार अशी आली की बाबांचा सदरा भिजला. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

आपल्या प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' असे दोन रकाने असायचे. पहिला रिकामा ठेवून दुसरा भरला की सर वही परत करायचे. सर, खाडीत मी निरीक्षण करूनही मनावर घेतलं नाही, आणि अंगणात निरीक्षण न करताच अनुमान काढलं. दोन्ही वेळा वही परत आली.

आता खाडीतून आलं की इंजिन गोड्या पाण्यावर चालवून धुते आणि दरवर्षी चक्र बदलते. जुनं चक्र तिन्ही तुकड्यांसह आज सोबत आणलंय, चहाच्या वेळी बघा.

उद्या सकाळी फेरीला यायचं असेल त्यांनी सातला जेटीवर या. लाइफ जॅकेटं आहेत. निघण्याआधी बाबा किनाऱ्यावरून विचारतील, "धार बघितलंस मा?" तेव्हा सगळ्यांनी वळून बघायचं.