तीर्थ, उपचार आणि तासाभराचे मर्दन



‘आरोग्य-पर्यटन : काल आणि उद्या’ असा विषय आज मला देण्यात आला आहे. तो ऐकताच आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर पंचतारांकित हॉटेल, सुगंधी मेणबत्त्या आणि मंद बासरी असे चित्र उभे राहिले असेल. मी मात्र आपल्याला प्रथम वज्रेश्वरीला नेणार आहे.

ठाणे जिल्ह्यात तानसा नदीच्या परिसरात, अकलोली आणि गणेशपुरी येथे भूमीतून कढत पाणी वर येते. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ साली वसई सर झाल्यावर तो फेडला, अशी परंपरा सांगितली जाते. देवीचे दर्शन आणि कुंडातील स्नान यांची तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगड आहे. पालघरपासून राजापूरपर्यंत, किनाऱ्याला समांतर, अशा झऱ्यांची जणू ओळच लागली आहे. संगमेश्वराजवळचे तुरळ आणि राजवाडी, दापोलीकडील उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे. गावांच्या नावांतही ती ऊब उतरली आहे. कोकणात आज जागृत ज्वालामुखी नाही. खडकांतील खोल भेगांतून पाणी पाताळाच्या दिशेने झिरपते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. सांधेदुखीने त्रस्त झालेला शेतकरी पेरण्या-कापण्यांतून सवड काढून तेथे यायचा, धर्मशाळेत चार दिवस राहायचा आणि भाकरी बांधून परतायचा. त्याला कोणी पर्यटक म्हटले नाही. परंतु आरोग्य-पर्यटन म्हणजे तरी दुसरे काय?

युरोपातही आरंभ देवतेपासूनच झाला. इंग्लंडमधील बाथ या नगरात रोमनांनी सुलिस या स्थानिक देवतेला आपल्या मिनर्व्हेशी जोडून मंदिर बांधले आणि शेजारी प्रशस्त स्नानगृहे उभारली. अठराव्या शतकात तेच नगर धनिकांच्या जुगाराचे, नृत्याचे आणि सोयरिकी जुळविण्याचे केंद्र झाले. पाणी हे बहुतेकांना निमित्त उरले. पण बाथची खरी शिकवण अलीकडची आहे. १९७८ साली तेथील पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा मृत्यू झाला. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचणारा अमीबा त्याला कारण होता. स्नान बंद झाले. शुद्ध पाण्यासाठी नव्या कूपनलिका खणाव्या लागल्या आणि सार्वजनिक स्नान पुन्हा सुरू झाले ते २००६ मध्ये! दोन हजार वर्षांची कीर्ती असलेल्या नगराने जवळजवळ अठ्ठावीस वर्षे कुलूप सोसले. २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातील अकरा स्नाननगरांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत बाथ आहे. त्या मानामागे हे कुलूपही आहे, हे विसरू नये.

आता केरळकडे वळू. तेथे कर्कटक मासात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, देहशुद्धीचे उपचार घेण्याची जुनी रीत आहे. १९०२ साली पी. एस. वारियर यांनी कोट्टक्कल येथे आर्य वैद्य शाला स्थापन केली आणि औषधनिर्मितीला शिस्त लावली. त्या भक्कम पायावर पुढे पर्यटनाचा मोठा डोलारा उभा राहिला. त्याने वैद्यांना, तेल काढणाऱ्यांना, वनस्पती गोळा करणाऱ्यांना काम दिले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्याच डोलाऱ्यात एक विपर्यास शिरला : तासाभराच्या मर्दनाला ‘आयुर्वेद’ म्हणण्याचा.

पंचकर्मात अभ्यंग ही केवळ पूर्वतयारी आहे. स्नेहपानच तीन ते सात दिवस चालते. मग स्वेदन, मग वमन किंवा विरेचनासारखे मुख्य कर्म आणि त्यानंतर पेयेपासून, म्हणजे पातळ पेजेपासून, नेहमीच्या जेवणापर्यंत टप्प्याटप्प्याने येणारा संसर्जनक्रम. तो शुद्धीच्या मानाने तीन, पाच किंवा सात दिवसांचा. मी वैद्य आहे, म्हणून सांगतो : “शनिवार-रविवारात पंचकर्म उरकेल का हो?” हा प्रश्न मला परदेशी पाहुणा विचारीत नाही, आपल्याच घरातील उच्चशिक्षित तरुण विचारतो. तेव्हा सगळा दोष हॉटेलवाल्यांच्या माथी मारून चालणार नाही.

रोग्याला वेळ मिळाला पाहिजे, ही गोष्ट जर्मनीने ओळखली होती. वैद्याच्या चिठ्ठीवर आणि आरोग्य विम्याच्या खर्चाने सामान्य कामगारालाही स्नाननगरात चार आठवडे राहता येई. १९९७ पासून ती मुदत सर्वसाधारणपणे तीन आठवड्यांवर आली आणि अनेक स्नाननगरांवर अवकळा आली. गरिबाला हा उपचार कसा मिळावा, हा प्रश्न आपल्याकडे महात्मा गांधींनाही पडला होता. पुण्यासारख्या शहरात निसर्गोपचार केंद्र चालवून खेड्यातील माणसाला त्याचा लाभ होणार नाही, हे जाणून त्यांनी १९४६ मध्ये उरुळी कांचन निवडले आणि तेथील आश्रमाची धुरा पुढे मणिभाई देसाई यांनी वाहिली. ऊन, माती, पाणी आणि साधा आहार यांवर तो आश्रम आजही उभा आहे.

उद्याचे काय? २०२३ मध्ये केंद्र शासनाने आयुष उपचारांसाठी येणाऱ्या परदेशी नागरिकांकरिता स्वतंत्र व्हिसा सुरू केला. दार उघडले, हे चांगलेच झाले. परंतु येणाऱ्याला आपण काय दाखवणार? केरळमध्येच २०२४ आणि २०२५ या वर्षांत अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. कोकणातील कुंडांत कपडे धुतले जातात, साबण आणि प्लास्टिकच्या पिशव्या तरंगतात, स्त्रियांना वस्त्रे बदलण्यास धड आडोसा नसतो. तीर्थाचे पाणी पवित्र आहे, म्हणून तपासावयाचे नाही, अशी समजूत कोणी करून घेतली असेल तर ती देवीचीही अवज्ञा आहे.

मला येथे महाल नकोत. पाण्याची नियमित तपासणी आणि तिचा अहवाल कुंडाशेजारी मराठीत लावलेला, नाकात पाणी जाऊ न देण्याची सूचना, स्नानासाठी आणि धुण्यासाठी वेगळी जागा, हृदयविकार वा गर्भारपण असलेल्यांना सावध करणारा एक वैद्य, आणि मुक्कामाला गावातीलच घरे, एवढे झाले तरी पुष्कळ. शिवाय एक अट मी आग्रहाने घालीन. उद्या झऱ्याभोवती भिंत उभी राहिली आणि तिकीटखिडकी आली, तरी पहाटे गुडघे शेकायला येणाऱ्या गावातल्या म्हातारीला त्या खिडकीपाशी उभे राहावे लागू नये. तिची वाट ग्रामपंचायतीने आधी कागदावर राखून ठेवावी आणि मगच भिंतीची पहिली वीट बसवू द्यावी.