लसीचे कार्ड पेटीत बांधू नका
(खरगपूर येथे गणेशोत्सवात सभासदांपुढे केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीसेक वर्षे रुळांवरच आहे. तेव्हा लसीकरणावर हा काय बोलणार, असे वाटणे साहजिकच आहे! पण आमच्या कामात आणि लसीत एक साम्य आहे. रूळ तुटून गाडी घसरली की पेपरात बातमी येते. तोच तडा आधी अल्ट्रासॉनिक तपासणीत सापडला, तर त्याची नोंद फक्त आमच्या रजिस्टरात. झालाच नाही त्या आजाराची आठवण तरी कोण ठेवणार?

पोलिओचेच पाहा. २००९ साली भारतात ७४१ जणांना पोलिओ झाला. त्या काळी स्वयंसेवक स्टेशनांवर उभे राहून, गाड्यांत चढून मुलांना थेंब पाजत. पोटासाठी फिरणाऱ्या मजुरांची मुले घरी सापडत नसत, ती गाडीत सापडत. नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, तोही आपल्या शेजारच्या हावडा जिल्ह्यात. मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

गोवराला मात्र आपण अजून ‘अंगावर उठलाय, उतरेल’ म्हणतो. गोवर पुरळावर संपत नाही. न्यूमोनिया होतो, कधी दृष्टी जाते. शिवाय आधीच्या आजारांशी लढून शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीही बरीच पुसली जाते, आणि मूल पुढे कितीतरी महिने आजारी पडत राहते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, त्यात मुले दगावली.

गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. नेमकी ही दुसरी आपल्या बदलीवाल्या घरांत राहून जाते. मूल दीड वर्षाचे, बिऱ्हाड नागपूरहून इकडे आलेले, कार्ड कुठल्या पेटीत ते आठवत नाही आणि केंद्रावर सगळे बंगालीत! मग ‘एक झाली आहे ना, जाऊ दे.’ लसीनंतर ताप येतो, एखादी रात्र जागावी लागते, हेही कारण असतेच.

डोस राहिला म्हणून सगळे पहिल्यापासून करावे लागत नाही. राहिले तिथून पुढे. गोवर-रुबेलाची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत देतात.

उद्या सकाळच्या आरतीनंतर आपल्या डॉक्टर वहिनी मंडपात बसणार आहेत. कार्ड घेऊन या. सापडले नाही तरी मुलाला घेऊन या.