दाढेचं दुखणं आणि खुर्चीची भीती



नागपूरजवळच्या सावनेर, खापा, केळवद, पाटणसावंगी या भागातला माणूस दातांच्या दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा त्याचं दुखणं बहुधा जुनं झालेलं असतं. आधी दाढेत लवंग धरून झालेली असते, मग मेडिकलमधून आणलेली गोळी, मग एकाच बाजूनं चावणं. मजुरी बुडते, पैसा लागतो, ही कारणं खरीच आहेत. पण जरा जवळ बसून विचारलं की दबक्या आवाजात आणखी एक कारण निघतं, "भेव वाटते जी, डॉक्टर." साधं सिमेंट भरून वाचली असती अशी दाढ या भीतीपायी उपटावी लागते. म्हणून ही भीती मी दुखण्याइतकीच गंभीर मानते, आणि तिच्यावर औषध आहे हे आज तुम्हांला सांगायचं आहे.

हिरडीत सुई देऊन आपण जागा बधिर करतो, तेव्हा वेदना थांबते. धडधड थांबत नाही. ती शांत करण्यासाठी गुंगी देतात, तिलाच सेडेशन म्हणतात. नाकावर छोटा मुखवटा ठेवून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण हुंगायला देतात. काही मिनिटांत अंग सैल पडतं, पण माणूस जागा असतो, "तोंड उघडा" म्हटलं की उघडतो. काम झाल्यावर थोडा वेळ नुसता ऑक्सिजन दिला की तो पुन्हा पूर्ववत होतो. याहून जास्त गुंगी हवी असेल तर मिडाझोलामसारखं औषध पोटातून किंवा शिरेतून देतात. त्यानं पुष्कळांना नंतर त्या वेळचं फारसं आठवतही नाही. बधिर करण्याची सुई दोन्ही प्रकारांत द्यावीच लागते, फक्त ती घेताना माणूस कासावीस होत नाही.

नायट्रस ऑक्साइड हा वायू माणसाच्या कामी आला तोच मुळी दाढेमुळे. १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेत हार्टफर्ड गावी लोकांना हा वायू हुंगवून हसवण्याचा खेळ चालला होता. त्यात एका तरुणाच्या पायाला चांगलीच जखम झाली, आणि त्याला पत्ताही नव्हता. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचे दंतवैद्य होते. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, त्यांनी स्वतः वायू हुंगून आपलीच दाढ काढून घेतली. पुढे १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल जगापुढे यशस्वी करून दाखवणारे मॉर्टन हेसुद्धा दंतवैद्यच. आज कुठल्याही ऑपरेशनला माणूस निर्धास्त झोपतो, त्याच्या मागे दाढेच्या डॉक्टरांची ही तळमळ आहे.

फायदा कोणाला? लहान पोरांना तर फारच. पाचव्या वर्षी चौघांनी हातपाय धरून दात काढलेलं पोर चाळिशीतही दवाखान्याकडे फिरकत नाही, म्हणून मुलांना असं धरून ठेवणं मला मुळीच पटत नाही. मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांवर गुंगीशिवाय नीट उपचार करणं अनेकदा शक्यच नसतं. आरसा जिभेवर ठेवताच ज्यांना उमासे येतात त्यांना, आणि हाडात आडवी रुतलेली अक्कलदाढ काढायची असेल त्यांनाही तिचा उपयोग होतो. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाचा दाब नुसत्या धास्तीनं वर जातो. त्याच्या फिजिशियनचा सल्ला घेऊन गुंगी दिली तर तोही ताब्यात राहतो.

आता आपल्या भागाचं एक मोठं दुखणं सांगते. पन्नीत घोटलेला खर्रा. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना यांचं हे मिश्रण अजून पोरांच्या खिशात आहे. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी कमी होतं. गुंगी जास्त झाली आणि श्वास मंदावला, तर डॉक्टरला तोंडावाटे श्वासनळीत नळी घालावी लागू शकते. जबडाच उघडत नसेल तर ते फार कठीण जातं. खर्ऱ्यानं नुसता दातच जात नाही, सुरक्षित गुंगीची वाटही अरुंद होते. आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर दात दुखण्याची वाट न पाहता तोंड दाखवा.

शिरेतून गुंगी द्यायची तर भूलतज्ज्ञ हजर हवा, बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावलेलं हवं, ऑक्सिजनची सोय हवी. हे विचारायला लाजू नका. गावातल्या दवाखान्यात ही सोय नसेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरातच आहे, तिथे चौकशी करा. गरोदर असाल, दमा असेल, नाक चोंदलेलं असेल, तर आधी सांगा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. किती तास उपाशी राहायचं ते डॉक्टर सांगतील. शिरेतून गुंगी द्यायची असेल तर जेवण साधारण सहा तास आधीच उरकावं लागतं. आणि घरचं कुणीतरी सोबत न्या. अशी गुंगी घेतल्यावर त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही, ट्रॅक्टरवर बसायचं नाही, खाणीतल्या पाळीवरही जायचं नाही.