सापाचं पासबुक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "काका, बँकेत आयुष्य काढलंत, ज्येष्ठांच्या वतीनं दहा मिनिटं बोला." विषय माझ्यावर सोडला. माझ्या वयाचा माणूस माईकपाशी आला की लोकांना वाटतं, आता हा पेन्शन, प्राणायाम नाहीतर मृत्युपत्र, यांपैकी एकावर बोलणार. मी यातलं काहीच बोलणार नाही. मी मोबाईलमधल्या सापाच्या गेमवर बोलणार आहे. हसलात तरी चालेल, पण ऐकून घ्या.

हा गेम इथं बसलेल्या तिशी-चाळिशीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लहान मुलांसाठी सांगतो. साध्या बटनांच्या फोनवर ठिपक्यांचा एक साप असतो. २ दाबलं की तो वर जातो, ८ दाबलं की खाली, ४ ला डावीकडं, ६ ला उजवीकडं. समोर दाणा येतो. तो खाल्ला की गुण मिळतात आणि साप थोडा लांब होतो. स्वतःच्याच अंगाला तोंड लागलं की डाव संपला. या खेळात शत्रू कुणी नाही. जितकं मिळवाल, तितकी आपलीच शेपूट आपल्याला आडवी येते. ज्यानं कर्जाच्या फायली पाहिल्यात, त्याला हे तत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या सापाचा मूळ पुरुष अमेरिकेतला. १९७६ मध्ये ग्रेमलिन नावाच्या कंपनीनं 'ब्लॉकेड' हे नाणं टाकून खेळायचं मशीन काढलं, त्यात ही कल्पना होती. पण साप घराघरात आणला तो फिनलंडच्या नोकिया कंपनीनं. तानेली अर्मान्टो नावाच्या त्यांच्या इंजिनिअरनं तो १९९७ च्या ६११० या फोनसाठी तयार केला. पुढं २००३ मध्ये नोकियाचा ११०० आला. धूळ आत जाऊ नये असा कीपॅड आणि डोक्याला बॅटरी, म्हणजे टॉर्च. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत आपल्या भागात लोकांनी तो फोन बोलण्याइतकाच टॉर्चसाठी घेतला. जगभरात असे २५ कोटींहून जास्त फोन विकले गेले. माझा फोन त्यानंतरचा, २००८ सालचा. त्यातल्या गेमचं नाव 'स्नेक झेन्झिया'. त्यात वेगवेगळे भुलभुलैये आहेत आणि एकाचं नाव चक्क 'अपार्टमेंट' आहे. शिरूरात अपार्टमेंट हा शब्द रुळायच्या आधी तो माझ्या खिशात आला होता.

आता बँकेचा माणूस या नादाला कसा लागला, ते सांगतो.

रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर बँकांत हळूहळू मशीन येऊ लागल्या. नव्वदच्या दशकात आमच्या शाखेतही कॉम्प्युटर आला. माऊस हातात धरायला भलेभले कचरायचे. विंडोजमध्ये १९९० पासून पत्त्यांचा सॉलिटेअर गेम होता, त्यावर आमच्या काही सहकाऱ्यांचा हात बसला. मला मात्र कॅश टॅली होईपर्यंत मान वर करायला सवड नसायची. शिवाय आकडे कमी होते का? ठेवी किती वाढल्या, वसुली किती झाली, मार्चएंडला शेजारची शाखा पुढं गेली का आपण. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा लावून बघण्यात गेलं. नोकरीच ती, त्याबद्दल तक्रार नाही.

२०१० मध्ये निवृत्त झालो आणि एकाएकी टार्गेटच उरलं नाही. सकाळी दहा वाजले की जिवाला चैन पडेना. अशात एके दिवशी फोनमध्ये 'टॉप स्कोअर' अशी ओळ दिसली. आकडा माझाच होता, २१२. मनात आलं, हा मागं टाकायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला कळवायचं नव्हतं, विभागीय कार्यालयाचं पत्र नव्हतं. चाळीस वर्षांत असा आकडा पहिल्यांदाच समोर आला होता.

आमच्या घरातून आवाज यायचा, "अहो, साठी उलटली, अन् बटनं काय दाबत बसलाव?" बरोबरच होतं त्यांचं. पण मी ते काम बँकेच्या शिस्तीत सुरू केलं. एक रजिस्टर घातलं. त्यात चार रकाने: तारीख, वेग, गुण आणि साप कशानं मेला. वेगाचा रकाना अशासाठी की वेग जास्त ठेवला तर गुण जास्त मिळतात, पण विचाराला वेळ कमी मिळतो.

पहिल्या तीनशे डावांचा हिशोब काढला, तेव्हा चौथा रकाना बोलायला लागला. मला वाटायचं, साप लांब झाल्यावर मरत असणार. तसं नव्हतं. मधूनच एक किडा येतो, तो थोडाच वेळ राहतो आणि त्याला गुण जास्त असतात. निम्म्याहून जास्त साप त्या किड्याच्या मागं धावताना मेले होते. वसुलीला गेल्यावर असे पुष्कळ व्यवहार पाहिले होते: मुद्दल शाबूत असतं, माणूस बुडतो तो वरच्या झटपट लाभापायी. मग मी नियम केला. परतीची वाट दिसत असेल तरच किडा घ्यायचा, नाहीतर जाऊ द्यायचा. दुसरा नियम शेतातला. साप मोठा झाला की मोकाट पळवायचा नाही. पेरणीत जसं तासाला तास लावून जातात, तसं खालून वर, वरून खाली, ओळीला ओळ लावत न्यायचा. या दोन नियमांवर आकडा सातशेवरून हजारावर गेला.

आणि मग आला २०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडं टँकर होता आणि त्याची वाट पाहणं होतं. एप्रिल महिन्यात एका दुपारी घागरींच्या रांगेशेजारी, लिंबाच्या सावलीत बसून मी १,२८४ केले. हा माझा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. सांगायला मान वर केली तर टँकर आला होता आणि जो तो पाईपकडं धावत होता. मीही धावलो. तो विक्रम कुणी पाहिला नाही, पण रजिस्टरला नोंद आहे.

यानंतरचं जरा सावकाश सांगतो, कारण आज बोलायला उभा राहिलो तो त्यासाठीच.

२०२१ च्या नोव्हेंबरात मला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड किंचित वाकडं झालं. आपल्या सोसायटीतल्या पोरांनी रात्रीच गाडी काढून लातूरला नेलं, म्हणून मी आज उभा आहे. तेवढं एक ध्यानात ठेवा: तोंड वाकडं, हात ढिला, बोबडी वळणं, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट पाहू नका. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं ते साधारण पहिल्या साडेचार तासांतच.

पाय लवकर सुधारला, अंगठा सुधारेना. फिजिओथेरपीच्या ताई स्पंजचा चेंडू दाबायला द्यायच्या. मी दाबायचो, पण कालपेक्षा आज किती जास्त, हे चेंडू सांगत नाही. दोन महिन्यांनी मी कपाटातून फोन काढला. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी व्यायाम, मग खेळा. खेळ म्हणजे व्यायाम नव्हे." ती अट मी आजही पाळतो. पहिला डाव केला, ४६ गुण झाले. अंगठा ६ वर पोचेपर्यंत साप भिंतीवर आपटलेला असायचा.

खरा त्रास अंगठ्याचा नव्हता. प्रत्येक डाव संपला की फोन 'टॉप स्कोअर १,२८४' दाखवायचा. त्या फोनला एकच आकडा लक्षात राहतो, सगळ्यात मोठा. ४६ चे ११८ झाले, ११८ चे ३०५ झाले. त्यासाठी मी किती घाम गाळला, याची त्याच्या लेखी काहीच नोंद नाही. नातू म्हणाला, "आजोबा, फोन रीसेट मारू का? सगळं झिरो होईल." मी नको म्हणालो.

बँकेत एक नियम आहे. खात्यात दोन वर्षं व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं. पण निष्क्रिय म्हणजे बुडालेलं नव्हे, पैसे खातेदाराचेच राहतात. मी तेच केलं. १,२८४ चं खातं निष्क्रिय ठेवलं आणि रजिस्टरच्या नव्या पानावर नवीन खातं उघडलं. जानेवारी २०२२, आरंभीची शिल्लक शून्य. नव्या अंगठ्याचा हिशोब नव्या पानावर. जुन्या माणसाशी नव्या माणसाची तुलना करायची नाही. दोघांची सही जुळत नाही.

याच काळात एक बातमी वाचली. जत्रेत मिळणारा विटांचा गेम तुम्हाला आठवत असेल, त्याचं मूळ म्हणजे टेट्रिस. तो १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तयार केला. १९८९ मध्ये निन्टेन्डोनं त्याची जी आवृत्ती काढली, तिच्यात २९ व्या लेव्हलला विटा इतक्या वेगानं पडतात की बटन दाबून त्या कडेला नेताच येत नाहीत, म्हणून कित्येक वर्षं लोक तिथंच खेळ संपला असं मानायचे. मग २०११ मध्ये एकानं बोट कंपवून बटन भराभर दाबत ३० वी लेव्हल गाठली. पुढच्या पोरांनी त्याहून वेगळी युक्ती काढली: बटनावर एक बोट ठेवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं यंत्राच्या पाठीवर तबल्यासारखी वाजवायची. २१ डिसेंबर २०२३ रोजी ओक्लाहोमातला विलिस गिब्सन हा अवघ्या १३ वर्षांचा मुलगा १५७ व्या लेव्हलपर्यंत गेला आणि गेमच गोठला. माणसानं तो गेम हरवला, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. त्याचे वडील काही दिवसांपूर्वीच वारले होते, त्यांना त्यानं तो डाव अर्पण केला. त्यावर ब्रिटनमधल्या एका वृत्तनिवेदिकेनं आई या नात्यानं त्याला सल्ला दिला की पडद्यापासून उठ, बाहेर मोकळी हवा घे, टेट्रिस हे काही आयुष्याचं ध्येय नव्हे. आमच्या घरातलं वाक्य थेट लंडनला पोचलं की काय, असं मला वाटून गेलं!

पण मी त्या बातमीतून एक गोष्ट उचलली. त्या पोरांनी बोटं बदलली नाहीत, धरायची रीत बदलली. मी अंगठ्याचा हट्ट सोडला. फोन टेबलावर आडवा ठेवला आणि दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी खेळू लागलो. डावं बोट ४ आणि २ सांभाळतं, उजवं ८ आणि ६. आकडा ५४० वरून ८७१ वर गेला. गेल्या महिन्यात ९६२ झाले. जुन्या खात्याला गाठायला अजून ३२२ हवेत. गाठेन का? वय पंचाहत्तर आहे. डोळ्यांचं एक ऑपरेशन झालंय, एक व्हायचंय. जमेल असं वचन मी कर्जदाराकडूनही कधी तोंडी घेतलं नाही, तेव्हा तुम्हालाही देत नाही. पण ९६२ हे माझे आहेत आणि ४६ पासून इथवर चढलेले आहेत.

आता शेवटचं, आईवडिलांसाठी. आपण लातूर जिल्ह्यातली माणसं. राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजांनी 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्राला दाखवला, त्याचा मलाही अभिमान आहे. पण निकालाच्या दिवशी आपल्या सोसायटीत काय होतं, ते मी ओट्यावर बसून पंचवीस वर्षं ऐकत आलोय. पहिला प्रश्न, "किती पडले?" दुसरा लगेच, "अन् त्यांच्या पोराला?" ६२ टक्क्यांवरून ७४ वर आलेलं पोरगं शेजारच्या ९१ पुढं मान खाली घालून जिना चढतं. त्या बारा टक्क्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. माझ्या फोनसारखंच, आपल्यालाही एकच आकडा लक्षात राहतो, सगळ्यात मोठा.

नीटची यादी दुसऱ्याशी तुलना करूनच लागते, हे मला कळतं. तिथं इलाज नाही. पण घर म्हणजे प्रवेश समिती नव्हे. घरात ज्याचं त्याचं पासबुक असावं आणि त्यात मागची शिल्लक आणि आजची शिल्लक शेजारी शेजारी दिसावी. पुढच्या निकालाला एवढं करून बघा. पोरगं दारात आलं की आधी विचारा, "मागच्यापेक्षा किती वाढले?" कमी झाले असले तर चौथा रकाना भरा, साप कशानं मेला. रागावून नव्हे, त्याच्या शेजारी बसून.

एक सूचना करतो. माझा फोन चालू आहे. त्याची बीएल-५सी बॅटरी लातूरला गंजगोलाईत अजून मिळते. सिमकार्ड काढलेलं आहे, त्यामुळं त्यावर ओटीपी मागणारे भामटेही येत नाहीत. ज्या मुलांना खेळायचंय त्यांनी रविवारी सकाळी अकरानंतर यावं. प्रत्येकाला रजिस्टरचं एक कोरं पान मिळेल. दुसऱ्याचं पान बघायचं नाही, एवढी एकच अट आहे.

रात्रीच्या गाडीबद्दल सोसायटीचे आभार मानायला मला कधी माईक मिळाला नव्हता, तो आज मिळाला.