नटांच्या तोंडचं मराठी



या परिसंवादासाठी दस्तुरीला गाड्या सोडून, तांबडी माती तुडवत आपण वर माथेरानला आलात. घोडेवाल्यांशी भाड्याची घासाघीस करताना ज्यांनी चार शब्द ऐकून घेतले, त्यांचं पहिलं सत्र तिथंच उरकलं!

परिसंवादाचा विषय आहे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नाटकांची बोलभाषा. माथेरानही त्याच काळातलं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये इथं चढून आले. त्याआधी सात वर्षं, 1843 साली, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. त्याच साली विलायतेत नाट्यगृहांचा कायदा झाला. नव्या नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत मंजूर झाल्याशिवाय खेळ लावायचा नाही. कात्री लावायला मागवलेले ते कागद दप्तरात राहिले आणि त्यांत लंडनच्या गल्लीबोळांतली भाषाही टिकली. सेन्सॉरचे एवढे उपकार मानायला हरकत नाही.

आपल्याकडे उलटं झालं. भाव्यांच्या खेळात पदं रचलेली, ती सूत्रधार म्हणायचा. गद्य मात्र नटांनी आयत्या वेळी बोलायचं. राक्षसांची आरोळी ‘अलल्लडुर्र’ या टिंगलीत तेवढी उरली. बाकीचं बोलणं खेळाबरोबरच विरलं.

म्हणून बोलणं कागदावर उतरवलेलं जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ हे नाटक मला मोलाचं वाटतं. ते 1855 चं. गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून जोशी घरातलं किडूकमिडूक उपटतो, विदूषक मधे मधे त्याची सालटी काढतो, आणि अखेर नवराबायको शाळेची वाट धरतात. दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलेलं हे नाटक छापून यायला 1979 उजाडलं. गावरान बोली पुढे पुष्कळांनी रंगमंचावर आणली, पण बहुधा गड्याच्या तोंडी, हशापुरती. फुल्यांचा कुणबी हसं व्हायला आलेला नाही. परिसंवादात कुणी हे खोडून काढणार असेल, तर मी पहिल्या रांगेत बसलोय.

जेवण पिठलं-भाकरीचं आहे. ताट माकडांपासून सांभाळा. आणि एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या घरी जुन्या नाटक मंडळीच्या नकलांच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. समासात नटांनी खरडलेल्या वाक्यांसकट त्या एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या हवाली करा.